सोपाऱ्याची फेरफार नोंद

१८८२च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा ‘बुरुड राजाचा कोट’ खणायला घेतला. विटामातीचा तो उंचवटा म्हणजे एखादा बौद्ध स्तूप असावा असा त्यांचा कयास होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे काम पाहणारे जेम्स कॅम्बेलही या कामात होते. मध्यावरून खाली उतरत गेल्यावर विटांनी बांधलेली कोठी लागली आणि कोठीत एक मोठी, गोल, दगडी पेटी. खालचा भाग आणि वरचे झाकण अशी दोन तुकड्यांची. झाकण निघाल्यावर मधोमध तांब्याचा करंडा दिसला. त्याच्याभोवती कडे करून ब्राँझच्या आठ छोट्या मूर्ती बसवलेल्या होत्या. त्यांतले सात होऊन गेलेले बुद्ध, आठवा अजून यायचा असलेला मैत्रेय. तांब्याच्या करंड्यात चांदीचा करंडा, त्याच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात काय होते? साध्या खापराचे इवलेसे तुकडे. भगवानलाल यांनी ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले. या ठेव्यात सोन्याची पुष्कळशी फुले होती. स्तूपातून चांदीचे एक न झिजलेले नाणेही निघाले. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडे उज्जैन चिन्ह आणि चैत्य. नाव सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे.

शोधाची ही हकीकत अनेकांनी लिहिली आहे. मला लिहायचे आहे ते त्यानंतरचे, कारण त्यानंतर हे सगळे पांगले.

स्तूप जागेवर राहिला. आज तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. पेटी, करंडे आणि मूर्ती मुंबई सरकारने मुंबईतल्याच एशियाटिक सोसायटीला दिल्या. भगवानलाल यांचा सविस्तर लेख सोसायटीच्या नियतकालिकाच्या पंधराव्या खंडात आला. सोपाऱ्याचे आणखी एक वर्णन त्याच वर्षी निघालेल्या ठाणे गॅझेटिअरच्या चौदाव्या खंडात आहे. १८८२मध्येच भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. सोपाऱ्याचा अशोक-लेख आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतो. १९३९-४०मध्ये पुरातत्त्व खात्याने स्तूपाच्या परिसरात पुन्हा खणती केली, तिची कागदपत्रे खात्याकडे. नाण्याची चर्चा १९०८ साली लंडनमध्ये छापलेल्या रॅप्सन यांच्या सातवाहन नाण्यांच्या सूचीत. खुद्द भगवानलाल १८८८ साली वारले; त्यांनी जमवलेली नाणी मृत्युपत्राप्रमाणे ब्रिटिश म्युझियमला गेली.

यांतल्या प्रत्येक गोष्टीची कुठे ना कुठे नोंद आहे आणि ती करणाऱ्यांनी आपले काम चोख केले आहे. पण नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला उतरून, रिक्षाने गावाकडे जाऊन स्तूपासमोर उभे राहिलेल्या माणसाला या विटांच्या पोटातून काय निघाले, ते आज कुठे आहे, कुणी काढले आणि त्याविषयी कोणी काय लिहिले हे एका जागी मिळत नाही. सार्वजनिक डेटाबेसांमध्ये मी शोधत बसलो तेव्हाही तसेच झाले. स्मारकाची माहिती मिळाली, शिलालेखाची मिळाली, मूर्तींची छायाचित्रे मिळाली. एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीकडे नेणारा दुवा मात्र मिळाला नाही. जो काही संबंध लागला तो जुने छापील खंड उघडून लावावा लागला. बुद्धपौर्णिमेला या स्तूपावर फुले वाहायला येणारी जी माणसे आहेत त्यांनी हे खंड कुठे शोधायचे?

हा केवळ सोयीचा प्रश्न असता तर त्यावर दिवाळी अंकाची पाने खर्चायची गरज नव्हती. पुरातत्त्वात ‘काय सापडले’ याच्याइतकाच ‘कशासोबत सापडले’ हा पुरावा असतो. यज्ञश्री सातकर्णीचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. ब्राँझच्या आठ मूर्ती त्यांच्या शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या ठरतात. दोन्ही एकाच स्तूपातून आले. म्हणजे कधीतरी, कित्येक शतकांनंतर, कुणीतरी हा स्तूप उघडला, जुन्या ठेव्याभोवती नव्या मूर्ती मांडल्या आणि पुन्हा बंद केला असे मानावे लागते. सोपाऱ्यात बौद्ध धर्म सातवाहनांबरोबर आटोपला नव्हता, त्या ठेव्याची काळजी घेणारी माणसे सहासातशे वर्षांनीही तिथे होती, ही केवढी मोठी गोष्ट आहे! ती नाण्यात नाही आणि मूर्तीतही नाही. दोन्ही एकत्र असण्यात आहे. आता नाणे एका सूचीत ‘दुसरे शतक’ म्हणून आणि मूर्ती दुसऱ्या सूचीत ‘आठवे-नववे शतक’ म्हणून नोंदवा. दोन्ही नोंदी अचूक. इतिहास गेला.

इनामगावचे उदाहरण याहून बोलके आहे. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत डेक्कन कॉलेजने १९६८पासून पुढे दीड दशकाच्या आसपास उत्खनन केले. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली मातीची अंडाकृती पेटी मिळाली. तिच्याबरोबर कच्च्या मातीच्या स्त्रीमूर्ती आणि एक बैल. यांतल्या बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक आहे आणि बैलाच्या पाठीलाही. दोन्ही भोकांत एकच काडी बसवली की ती स्त्री बैलावर आरूढ होते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ही देवी असावी, असे उत्खनकांनी मांडले आणि ते पटण्यासारखे आहे. समजा, कुणी या वस्तू वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या आणि ‘मृण्मूर्ती, स्त्री, शिर नाही’, ‘मृण्मूर्ती, बैल’, ‘मातीची पेटी, झाकणासह’ अशा तीन नोंदी केल्या. देवी नाहीशी होते. उरतात त्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही ताम्रपाषाणयुगीन गावात मिळतात तशा मातीच्या तीन वस्तू. इनामगावच्या उत्खनकांनी ही सोबत शब्दांत, रेखाटनात आणि छायाचित्रात पकडून ठेवली म्हणून आपल्याला ती ठाऊक आहे. अशी सोबत टिपून ठेवण्याचे काम डेटाबेसलाही यायला हवे.

सर्वसाधारण डेटाबेसला ते का येत नाही, याचे कारण त्याच्या मांडणीत आहे. संग्रहालयांच्या नोंदवह्या मुळात मालमत्तेच्या नोंदवह्या आहेत. वस्तू आली, तिला क्रमांक दिला, माप घेतले, माध्यम लिहिले, कपाट लिहिले. तपासणीच्या दिवशी ती वस्तू त्या कपाटात आहे की नाही एवढे त्या वहीला सांगता आले पाहिजे. संगणक आला तेव्हा हीच वही पडद्यावर गेली: एक ओळ, एक वस्तू, वीस-पंचवीस रकाने. स्मारकांच्या याद्यांचेही तेच झाले. ‘प्राप्तिस्थान’ नावाचा रकाना बहुतेक ठिकाणी असतो. पण त्यात ‘सोपारा’ असे नुसते अक्षरांत लिहिलेले असते. संगणकाच्या दृष्टीने तो एक शब्द आहे. स्मारकाच्या यादीतला स्तूप आणि हा शब्द यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्याला कळायला मार्ग नाही.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला यावरचा उपाय समजावून सांगावा लागणार नाही, कारण त्याच्या घरात तो आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मालकाचे नाव असते आणि नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक. तो क्रमांक घेऊन तलाठ्याकडच्या गाव नमुना सहामध्ये पाहिले की जमीन या नावावर कशी आली ते सापडते: खरेदीने, वारसाने, वाटणीने की कोर्टाच्या हुकमाने, कोणत्या तारखेला, कुणाच्या सहीने. जुन्या मालकाचे नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ घालणारा तक्ता असतो. आपल्या पुरावस्तूंना सातबारा मिळाला आहे. फेरफाराची वही नाही.

जगात या विषयावर ज्यांनी विचार केला ते वेगळ्या वाटेने इथेच पोहोचले. इंग्लंडमधल्या स्थानिक वारसा-नोंदींमध्ये गेली काही दशके तीन प्रकारच्या नोंदी वेगळ्या ठेवतात. पहिली वास्तूची किंवा स्थळाची. दुसरी घटनेची, म्हणजे कुणी कधी खणले, पाहणी केली, छायाचित्र काढले. तिसरी साधनाची: अहवाल, नकाशा, पत्र, फोटो. स्थळाविषयीचे प्रत्येक विधान कोणत्या घटनेतून आले आणि ती घटना कोणत्या साधनात लिहिलेली आहे, हे दुव्यांनी जोडलेले असते. संग्रहालयांच्या जगात सिडॉक-सीआरएम नावाची मांडणी १९९०च्या दशकात आकाराला आली आणि २००६ साली ती आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक झाली, क्रमांक २११२७. तिचा गाभा एवढाच की वस्तू, माणूस, जागा आणि काळ यांना थेट एकमेकांना चिकटवू नका, घटनेच्या मार्फत जोडा. सोपाऱ्याची दगडी पेटी आणि भगवानलाल यांचा थेट संबंध काही नाही. एप्रिल १८८२ची खणती ही घटना आहे. भगवानलाल तिचे कर्ते, स्तूप तिची जागा, पेटी तिचे फळ, पंधराव्या खंडातला लेख तिचे साधन. सरकारने सोसायटीला वस्तू दिल्या ही दुसरी घटना. मूर्तींचा काळ कुणा अभ्यासकाने ठरवला ही तिसरी.

या तत्त्वावर चालणारी आर्चेस नावाची मुक्त प्रणाली गेटी संवर्धन संस्था आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांनी केली. तिची सुरुवात एका जखमेतून झाली. २००३मध्ये बगदादचे संग्रहालय लुटले गेले, सुमारे १५,००० वस्तू गेल्या. इराकसाठी स्थळांची नोंद करायची प्रणाली बनवायला घेतलेले काम परिस्थितीमुळे जॉर्डनमध्ये उभे राहिले, आणि त्या अनुभवातून कुठल्याही देशाला फुकट वापरता येईल अशी आर्चेस तयार झाली. सिंधू खोऱ्यातल्या स्थळांच्या नोंदीसाठी केंब्रिज विद्यापीठाचा माहसा प्रकल्प हीच प्रणाली वापरतो. म्हणजे तंत्र नाही म्हणून आपले अडले आहे असे कुणी म्हणू नये.

आता सोपाऱ्याचे दुवे प्रत्यक्ष जोडायला बसू. पहिली अडचण जागेच्या नावाची. इंग्रजी कागदांत सोपारा, सुपारा, नाला सोपारा, नल्लासोपारा. ग्रीक लेखकांकडे सुप्पारा, पालीत सुप्पारक, संस्कृतात शूर्पारक. नाणेघाटातल्या एका पाण्याच्या टाक्यावर ‘सोपारय’ इथल्या गोविंददासाने ते टाके दान दिल्याचा लेख आहे. कार्ल्याच्या चैत्यातल्या एका खांबावर सोपारकहून आलेल्या दात्याचा लेख आहे. नाशिकला, नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात शोर्पारग येथे धर्मशाळा बांधल्याचा आणि तिथल्या रामतीर्थासह अनेक ठिकाणच्या चरक पंथाच्या साधूंना ३२,००० नारळाची झाडे दिल्याचा उल्लेख आहे. जिल्हाही एक नाही. सगळ्या जुन्या कागदांत ठाणे. १ ऑगस्ट २०१४पासून पालघर. अक्षरे जुळवून शोधणाऱ्या यंत्राला ही सगळी निरनिराळी गावे आहेत. यावर उपाय एकच: गावाला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि ही सगळी नावे, त्यांच्या काळासह आणि साधनासह, त्या क्रमांकाखाली लावायची. नारळाच्या झाडांचे ते दान मग सोपाऱ्याच्या पानावर आपोआप दिसू लागेल. नाणेघाटातले टाकेही दिसेल. घाटावर पाणी देणारा माणूस किनाऱ्यावरच्या बंदराचा होता, हे एका नजरेत दिसणे म्हणजे सातवाहनकाळातला व्यापारी मार्ग डोळ्यांसमोर येणे.

क्रमांकांचीही गुंतागुंत आहे. उषवदाताचा तो लेख एमिल सेनार यांच्या नाशिक-सूचीत क्रमांक १०, ल्यूडर्स यांच्या ब्राह्मी लेखांच्या यादीत ११३१, आणि तो ज्या लेण्यात आहे त्या लेण्याचाही क्रमांक १०. कुणी नुसते ‘नाशिक १०’ लिहिले तर लेण्याची नोंद लेखाला आणि लेखाची लेण्याला चिकटते. अशा ठिकाणी जुने क्रमांक टाकून देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. शंभर वर्षांचे संशोधन त्या क्रमांकांनी बोलते. पुराभिलेखतज्ज्ञ मिराशींचे ग्रंथ वाचणाऱ्याला ते लागणार आहेत. गट नंबर आला म्हणून सर्व्हे नंबर फाडून टाकत नाहीत.

दुसरी अडचण जास्त धोक्याची. चुकीचा दुवा. सोपाऱ्याच्या नाण्यावरचा राजा गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी. ‘गौतमीपुत्र’ हे मातृनाम त्याच्या आधीच्या, नाशिकच्या प्रशस्तीतल्या प्रसिद्ध गौतमीपुत्र सातकर्णीचेही. मधला ‘यज्ञश्री’ गाळून सोपाऱ्याचे नाणे नुसते गौतमीपुत्र सातकर्णीचे म्हटल्याचे आजही वाचायला मिळते. छापील पानावर अशी चूक एका वाक्याची असते. जोडलेल्या डेटाबेसात ती पसरते: नाण्याचा राजा बदलला की नाण्याचा काळ मागे जातो, नाण्यावरून स्तूपाचा, स्तूपावरून बंदराच्या भरभराटीचा. म्हणून ‘हे तेच’, ‘हे त्याचा भाग’, ‘हे त्याच्यासोबत सापडले’, ‘हे त्यासारखे दिसते’ आणि ‘पूर्वी हे असे समजत’ हे पाच संबंध वेगळे लिहिले पाहिजेत. नुसता ‘संबंधित’ असा एकच शेरा मारून दोन नोंदी जोडणे हे काम अर्धवट आहे. प्रत्येक दुव्याला कुणी, केव्हा आणि कशाच्या आधारे जोडला याची सही हवी. सही असली की वाद घालता येतो, दुरुस्ती करता येते. संगणक आता लाखो नोंदींमधून सारखी नावे शोधून दुवे सुचवू शकतो, त्याने सुचवावेत. मंजूर मात्र ब्राह्मी वाचता येणाऱ्या माणसाने करावेत.

हे सगळे कशासाठी, असे विचारणाऱ्याला तमिळनाडूतल्या श्रीपुरंदनच्या नटराजाची हकीकत सांगावी. अरियलूर जिल्ह्यातल्या या गावच्या देवळातून चोळकालीन नटराज २००६ साली चोरीला गेला. २००८मध्ये कॅनबेराच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाने तो सुभाष कपूर या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याकडून ५० लाख डॉलरना विकत घेतला. सोबत मालकीची बनावट कागदपत्रे होती. पण पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने १९९४ साली त्या देवळात जाऊन मूर्तींची छायाचित्रे काढून ठेवली होती. गॅलरीच्या सूचीतला नटराज आणि पुदुच्चेरीच्या फोटोतला नटराज शेजारी ठेवल्यावर दोन्ही एकच असल्याचे उघड झाले. सप्टेंबर २०१४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती मूर्ती दिल्लीत परत केली. दोन्ही नोंदी आधीपासून होत्या. त्या जोडण्याचे काम काही जागरूक माणसांनी हाताने केले म्हणून देव परत आला. आपल्या खेड्यापाड्यांतले वीरगळ, सतीशिळा, देवळाबाहेर ठेवलेल्या भग्न मूर्ती यांचे जुने फोटो कुठल्या ना कुठल्या संशोधकाच्या घरी, कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या कपाटात आहेत. उद्या त्यांतली एखादी मूर्ती परदेशी लिलावाच्या सूचीत दिसली तर आपण कशाच्या जोरावर ती मागणार?

एक आक्षेप खरा आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. सगळे जोडून सगळ्यांना दाखवले तर गुप्तधनाच्या मागे लागलेल्यांना घरबसल्या नकाशा मिळेल. महाराष्ट्रात हे भय कल्पनेतले नाही. देवळाच्या गाभाऱ्यात किंवा गढीच्या बुरुजात रात्री खड्डे पाडल्याच्या बातम्या आपण वाचतो. इंग्लंडमध्ये शेतात सापडणाऱ्या पुरावस्तूंची नोंद ठेवणारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम लोकांना वस्तूची सगळी माहिती दाखवते, पण नेमकी जागा दाखवत नाही. ती अभ्यासकांना अटींवर मिळते. आपल्याकडेही तसेच करता येईल. दुवा उघडा, ठावठिकाणा झाकलेला.

आपण कुठे आहोत? स्मारके आणि पुरावस्तूंसाठीचे राष्ट्रीय अभियान मार्च २००७मध्ये सुरू झाले. देशभरातल्या ५८ लाख पुरावस्तू नोंदवायचे उद्दिष्ट होते. २०२५पर्यंत १२ लाखांहून अधिक नोंदी डिजिटल झाल्याचे सरकारी निवेदनांत सांगितले आहे. संस्कृती मंत्रालयाच्या संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची प्रणाली आहे आणि ती आपल्या पुण्याच्या सी-डॅकने बनवली आहे. काम होत आहे, ते मोठे आहे आणि ते करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण हा सगळा जोर आकडा वाढवण्यावर आहे. किती नोंदी झाल्या हे विचारले जाते, किती नोंदी एकमेकींना ओळखतात हे विचारले जात नाही. वस्तूची नोंद दहा वर्षांनीही करता येईल, वस्तू कपाटात आहे. सोबतीची नोंद तशी थांबत नाही. ती जुन्या रजिस्टरच्या समासातल्या पेन्सिलीच्या शेऱ्यात असते, पाकिटावरच्या पुसट शाईत असते, निवृत्त होणाऱ्या अभिरक्षकाच्या आठवणीत असते. कपाटे हलवताना एक पाकीट बदलले की ती गेली. म्हणून मी म्हणेन की उरलेल्या लाखो वस्तूंच्या आधी, नोंदवलेल्यांचे दुवे जोडा.

यासाठी नवे खाते, नवी इमारत किंवा मोठी योजना लागत नाही. महाराष्ट्रातल्या ज्या ज्या संस्थेकडे सोपाऱ्याचे काही आहे त्यांनी एकदा एकत्र बसावे. स्तूपाला एक कायमचा क्रमांक, १८८२च्या खणतीला एक, १९३९-४०च्या खणतीला एक, अशोक-लेखाच्या प्रत्येक तुकड्याला एक. आपापल्या नोंदीत दोन रकाने वाढवावेत: स्थळाचा क्रमांक आणि घटनेचा क्रमांक. वस्तू जिथे आहेत तिथेच राहोत. कुणी कुणाला काही परत करायचे नाही. सोपाऱ्यावर हे जमले तर तेर, कोल्हापूरची ब्रह्मपुरी, पैठण, कान्हेरी यांचे जमेल. विद्यापीठांच्या पुरातत्त्व विभागांत दरवर्षी एम.ए.चे विद्यार्थी लघुप्रबंध लिहितात. एका जुन्या उत्खननाच्या पांगलेल्या वस्तूंचा मेळ घालणे हा त्यांच्यासाठी उत्तम विषय आहे, आणि त्याचा उपयोग दोन गुणांच्या पलीकडे जाईल.

वाचकांनाही एक विनंती. तुमच्या घरी गावच्या देवळाचे, बारवेचे, वीरगळाचे, शेतात सापडलेल्या मूर्तीचे जुने फोटो असतील. आजोबांनी, शाळेच्या सहलीत, जत्रेत काढलेले. ते बाहेर काढा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने गावाचे नाव, जागा, साल आणि फोटो कुणी काढला ते लिहा. चौकटीत नसलेले पण त्या वस्तूच्या शेजारी असलेले जे काही आठवत असेल तेही लिहा: तळे, पार, दुसरी मूर्ती, कोरलेला दगड. मग त्याची एक प्रत जिल्ह्याच्या संग्रहालयाला किंवा जवळच्या इतिहास मंडळाला द्या आणि पोचपावतीवर नोंदीचा क्रमांक मागून घ्या.